जोखीम आणि तिचें मोजमाप

अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र हीं दोन शास्त्रें विद्यापीठांत वेगवेगळ्या दालनांत शिकविलीं जातात. परंतु बाजारांत तीं एकाच माणसाच्या ठिकाणीं एकत्र नांदत असतात. खामगांवच्या बाजारांत कापसाची गाडी सोडून उभा राहिलेला शेतकरी आज माल द्यावा कीं आठ दिवस थांबावें याचा विचार करूं लागला म्हणजे त्याच्या मनांत भावाचा हिशेब असतो, आणि त्याच वेळीं सावकाराच्या मुद्रेचें स्मरणहि असतें. या दोहोंचा मिळून विचार करणाऱ्या शास्त्राला आर्थिक मानसशास्त्र म्हणतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यानें १९०२ सालीं या नांवाचा ग्रंथच लिहिला. पुढें अमेरिकेंत जॉर्ज कटोना यानें मिशिगन विद्यापीठांत १९४६ पासून शेंकडों कुटुंबांना त्यांच्या आशा-अपेक्षा विचारून या शास्त्राला पाहणीचें रूप दिलें.

त्या शास्त्राच्या सिद्धान्तांविषयीं मला आज बोलावयाचें नाहीं. बोलावयाचें आहे तें एका लहानशा प्रश्नाविषयीं. माणसाच्या मनांतलें कळावें म्हणून त्याला विचारावें, कीं त्याला प्रत्यक्ष कांहीं करूं देऊन आपण पाहत राहावें? एम. ए.च्या वर्गांत संशोधनपद्धतीचा तास असतो, त्यांत या प्रश्नाला फार तर अर्धें पान मिळतें. पण आमच्या वऱ्हाडांत, बुलढाण्याला लागून असलेल्या अकोला जिल्ह्यांतील दोन खेड्यांत, हाच प्रश्न सुमारें अर्धशतकापूर्वीं इतक्या कसोशीनें तपासला गेला कीं त्याचा निकाल आज जगांतील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाचावा लागतो. वऱ्हाडांत मात्र तो फारसा कोणाला ठाऊक नाहीं.

प्रथम माझी स्वतःची एक फजिती सांगतों. मी बुलढाणा जिल्ह्यांत अर्थशास्त्र शिकवीत असतांना माझ्या हाताखालीं एक विद्यार्थी पदव्युत्तर प्रबंध लिहीत होता. विषय होता कोरडवाहू शेतकऱ्याची धाडस करण्याची वृत्ति. प्रश्नपत्रिका मीं तयार करून दिली होती, आणि तिच्याविषयीं मला थोडा अभिमानहि होता. इंग्रजी पुस्तकांतील प्रश्न मीं चांगल्या मराठींत उतरविले होते असें माझें मत होतें. सातवा प्रश्न असा होता: "आपण शेतींत जोखीम घेतां का?" विद्यार्थी मेहकरच्या बाजूच्या एका खेड्यांत गेला. एका वयस्क गृहस्थांनीं हा प्रश्न ऐकून घेतला, क्षणभर घराच्या आढ्याकडे पाहिलें आणि म्हटलें, "नाई भाऊ, जोखीम कुठची राह्यली आता घरात? होती नव्हती ते पोरीच्या लग्नात गेली." विद्यार्थ्यानें पत्रिकेवर "नाहीं" असें लिहिलें, आणि तक्ते जुळवितांना हे गृहस्थ "धाडसास भिणारे" या सदरांत जाऊन बसले.

दागदागिना, रोकड, संभाळून ठेवण्याची किंमती वस्तु हा जोखीम शब्दाचा अर्थ मराठींत जुना आहे. 'अंगावर जोखीम घेऊन रात्रीचा प्रवास करूं नये' असें आपल्या आज्या म्हणत. मला तो माहीत होता, पण प्रश्न लिहितांना आठवला नाहीं. कारण प्रश्न मीं पुस्तकाच्या भाषेंत लिहिला होता. विद्यार्थ्याचा त्यांत कांहीं दोष नव्हता. त्या एका उत्तरावरून मला मागील सव्वाशें-दीडशें वर्षांच्या साऱ्या विचारपुशीची आठवण झाली, कारण वऱ्हाडच्या शेतकऱ्याला प्रश्न विचारण्याचा उद्योग कांहीं नवा नाहीं.

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहानें निजामाकडून कंपनी सरकारच्या व्यवस्थेखालीं आला. थोड्याच वर्षांनीं, १८६१ ते १८६५ पर्यंत, अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस तुटला, आणि इंग्रज व्यापाऱ्याची नजर पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीवर खिळली. कापसासाठीं स्वतंत्र कमिशनर नेमला गेला. जलंब स्टेशनापासून खामगांवपर्यंत लोहमार्गाची शाखा टाकण्यांत आली, आणि १८७० सालीं खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं ती खुली केली. किती एकरांत कपाशी आहे, सरकी कोणती पेरतां, माल कधीं बाजारांत येईल, हे प्रश्न गांवोगांव पोंचले. मोजणीवाले येत, बंदोबस्ताचे अधिकारी येत. त्यांच्यामागून सावकाराचा कारकून येई. विचारणारा कोण हें पाहून उत्तर द्यावें हें शहाणपण शेतकऱ्यानें या काळांत पुरतें आत्मसात् केलें. सारा बसविणाऱ्याला पीक कमी सांगावें, कर्ज देणाऱ्याला जास्त सांगावें. याला कोणी लबाडी म्हणेल. मी तसें म्हणणार नाहीं. उत्तराची किंमत ज्याला मोजावी लागते त्यानें तें तोलून द्यावें हें स्वाभाविकच आहे.

विसाव्या शतकांत विचारणाऱ्यांची जात बदलली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवाचा अभ्यास १९१७ सालीं प्रसिद्ध केला, आणि १९२१ सालीं ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगांव बुद्रुकचा. सरकारी साऱ्यासाठीं नव्हे, तर गांवाचा प्रपंच कसा चालतो तें कळावें म्हणून घरोघर हिशेब घेण्याचा हा महाराष्ट्रांतील पहिला मोठा प्रयत्न होय. १९३० सालीं रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगींतून पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिचे संचालक धनंजयराव गाडगीळ हे नागपुरांत वाढलेले, म्हणजे आमच्या बाजूचेच म्हणावयाचे. वाई तालुक्यांतील शेतीधंद्याची त्यांची पाहणी १९४० सालीं निघाली. संस्थेंत येणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तकें वाचावयास लागत तसेंच गांवांतहि जावें लागे, ही शिस्त गाडगीळांनीं घालून दिली.

स्वातंत्र्यानंतरची सर्वांत मोठी विचारपूस रिझर्व्ह बँकेची. १९५१-५२ सालीं देशांतील ७५ जिल्ह्यांत ६०० खेड्यांची ग्रामीण पतपाहणी झाली. तिचा अहवाल लिहिणाऱ्या समितींत गाडगीळ होते. शेतकऱ्यानें काढलेल्या एकंदर कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा अवघा शेंकडा ३.१ आहे, हा त्या पाहणीचा निष्कर्ष पुढें वर्षानुवर्षें विधिमंडळांत आणि वर्गांत उद्धृत झाला. एवढ्या मोठ्या पाहणीनें कर्ज किती आणि कोणाकडून हें कळलें. कर्ज काढणाऱ्याच्या मनांत काय होतें तें कळलें नाहीं, आणि तें कळावें अशी त्या पाहणीची प्रतिज्ञाहि नव्हती.

आतां मूळ विषयाकडे येतों. हैदराबादजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं कोरडवाहू पिकांच्या संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली; इक्रिसॅट या नांवानें ती ओळखली जाते. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग या पिकांचें सुधारलेलें बियाणें काढणें हें तिचें काम. परंतु तेथील अर्थशास्त्रज्ञांपुढें लौकरच अडचण उभी राहिली. प्रयोगशाळेच्या रानांत जें वाण दुप्पट पिकतें तें शेतकरी घरीं नेत नाहीं, असें कां? शास्त्रज्ञांचें ठरीव उत्तर असें कीं लहान शेतकरी स्वभावतःच भित्रा असतो. हें उत्तर खरें कीं खोटें तें पाहण्यासाठीं १९७५ सालीं खेड्यांचा कायम अभ्यास सुरू झाला. महबूबनगर जिल्ह्यांतील औरेपल्ली आणि दोकूर, सोलापूर जिल्ह्यांतील शिरापूर आणि कलमण, आणि अकोला जिल्ह्यांत मूर्तिजापूर तालुक्यांतील कंझरा आणि किनखेड अशीं हीं सहा गांवें. सोलापूरकडे पाऊस बेभरंवशाचा. आमच्या वऱ्हाडांत तो त्या मानानें खात्रीचा आणि त्या वेळीं पीक मुख्यतः कपाशी, ज्वारी, मूग व तूर. बुलढाण्यांतील घाटाखालचा कोणीहि मनुष्य कंझऱ्यांत गेला तर त्याला परक्या मुलखांत आल्यासारखें वाटणार नाहीं.

या अभ्यासाची रीत मला फार शिकण्यासारखी वाटते, म्हणून थोडी विस्तारानें सांगतों. प्रत्येक गांवांत एकेक अन्वेषक राहावयास गेला. गाडी घेऊन सकाळीं जावें आणि संध्याकाळीं तालुक्याला परतावें अशी ही पाहणी नव्हती. अन्वेषक शेतकीचें शिक्षण घेतलेला, खेड्यांत वाढलेला आणि तेथील भाषा बोलणारा असे. आधीं गांवांतील सगळ्या घरांची गणना झाली. मग ४० घरें निवडलीं: १० भूमिहीन मजुरांचीं, आणि लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांचीं प्रत्येकीं १०. यांत एक बारीक गोष्ट आहे. लहान कोण आणि मोठा कोण हें साऱ्या देशाला एकच एकरांचें माप लावून ठरविलें नाहीं. ज्या त्या गांवच्या जमिनीच्या वांटणींतूनच तिन्ही वर्ग पाडले. विहिरीवरची पांच एकर आणि खारपाणपट्ट्यांतली पांच एकर एका सदरांत लिहिणारा माणूस आमच्याकडे हास्यास्पद ठरेल. पण सरकारी कोष्टकांत असें आजहि सर्रास घडतें.

मग दर तीन-चार आठवड्यांनीं अन्वेषक त्याच घरीं जाई. कोणत्या तुकड्यांत काय पेरलें, वखरणी कितीदां झाली, डवऱ्याला घरचीं माणसें होतीं कीं रोजंदारीचीं, बी घरचें कीं विकतचें, सवाईनें धान्य काढलें कीं दिढीनें, कोणाला उसनें दिलें, बैल विकला तर कितीला, हें सारें तुकड्यातुकड्यानें आणि दिवसांच्या हिशेबानें टिपलें जाई. वर्षाअखेर एकदांच येऊन 'यंदा खर्च किती झाला?' असें विचारणाऱ्याला जें उत्तर मिळतें त्यांत शेतकऱ्याच्या स्मरणशक्तीची परीक्षा होते. खर्च तेथें सांपडत नाहीं. तीन आठवड्यांमागचें मात्र घरांतील बाईला नेमकें आठवतें, कारण मजुरीचे पैसे तिच्याच हातानें मोजलेले असतात.

अशी गांवाशीं ओळख झाल्यावर हान्स बिन्सवांगर या अर्थशास्त्रज्ञानें शेतकऱ्यांच्या धाडसाचें मोजमाप करावयास घेतलें. त्यानें दोन रीती वापरल्या. पहिली रीत विचारण्याची. शेतकऱ्यापुढें काल्पनिक पर्याय ठेवावयाचे: अमुक शेतींत दर वर्षीं इतकें निश्चित मिळतें, तमुक शेतींत एका वर्षीं पुष्कळ आणि दुसऱ्या वर्षीं थोडें, तुम्ही कोणती घ्याल? ब्राझीलमध्यें अशीच रीत वापरली गेली होती. माझी सातव्या क्रमांकाची प्रश्नपत्रिका याच वंशांतली, फक्त अधिक अडाणी.

दुसरी रीत खऱ्या पैशांची. शेतकऱ्यापुढें सोडतीचे अनेक पर्याय मांडले जात. त्यानें एक निवडावयाचा, मग नाणें उडवावयाचें, आणि जें निघेल ती रक्कम तेथल्या तेथें त्याला द्यावयाची. पन्नास रुपयांच्या खेळांतले कांहीं पर्याय पाहा. पहिल्यांत छाप आला काय किंवा काटा आला काय, ५० रुपये नक्की. दुसऱ्यांत एका बाजूला ४५, दुसऱ्या बाजूला ९५. मग ४० आणि १२०. मग ३० आणि १५०. मग १० आणि १९०. शेवटीं एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला २००. सरासरी काढली तर पहिल्याची ५०, मग ७०, ८०, ९०, आणि शेवटच्या दोहोंची सारखीच १००. म्हणजे खालीं खालीं जावें तसतशी सरासरी वाढते, पण वाईट बाजूहि अधिक वाईट होत जाते. शेवटच्या दोन पर्यायांत तर सरासरींत कांहींच फरक नाहीं. तेथें १० आणि १९० सोडून जो शून्य आणि २०० घेतो तो फायद्यासाठीं घेत नाहीं. त्याला खेळाचीच गोडी आहे असें समजावें. उलट जो ५० नक्की घेऊन घरीं जातो त्यानें निश्चिंतपणासाठीं सरासरीचे ५० रुपये सोडून दिले. एका निवडींत माणसाचें मन असें आंकड्यांत उतरतें. अक्षरशत्रु माणसालाहि हें समजतें, कारण यांत वाचण्यासारखें कांहीं नाहीं. किती रुपये हातांत पडतील तेवढें कळलें म्हणजे झालें.

खेळ एकदम पन्नासापासून सुरू केला नाहीं. आरंभीं ५० पैशांचा, मग ५ रुपयांचा, मग ५० रुपयांचा असा तो चढत गेला, आणि मध्यें आठवडे जाऊं दिले. त्या वेळीं बिनकसबी मजुराला महिन्याकाठीं जें मिळे त्याहून मोठी रक्कम शेवटच्या खेळांत एका नाण्यावर मिळूं शकत होती. म्हणून हा पोरखेळ नव्हता. आणि दुसरी गोष्ट ध्यानांत घ्यावी: वाईटांत वाईट निकाल म्हणजे कांहीं न मिळणें. पदरचा पैसा कोणाचाहि जात नव्हता. गरीब माणसाला त्याचेच पैसे डावावर लावावयास सांगणें हें संशोधन नव्हे, जुगार होय. आणि ही मर्यादा पाळली गेली हें मला त्या प्रयोगांतील मोठें पथ्य वाटतें.

निकाल काय निघाला? सहा गांवांतील २४० घरांचा हा अभ्यास १९८० सालीं अमेरिकेंतील शेती-अर्थशास्त्राच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पहिल्या आणि दुसऱ्या रीतीच्या निकालांत मुळींच मेळ बसला नाहीं. तोंडी प्रश्नांच्या उत्तरांवर विचारणाऱ्या माणसाचीच छाप पडलेली आढळली. म्हणजे आपण शेतकऱ्याचें मन म्हणून जें मोजतों त्यांत पुष्कळसा अन्वेषकच मोजला जातो. खऱ्या पैशांच्या खेळांत मात्र चित्र निराळें होतें. पैशांची रक्कम लहान होती तोंवर लोकांच्या निवडी चहूंकडे विखुरल्या होत्या. कित्येकांनीं खुशाल धाडस केलें. रक्कम मोठी झाली तशा निवडी मधल्या पर्यायांभोंवतीं गोळा झाल्या. अगदीं भित्रे थोडे, अगदीं बेदरकार थोडे. बहुतेक सर्व मध्यम सावध. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे श्रीमंत आणि गरीब यांच्या सावधपणांत म्हणण्यासारखा फरक सांपडला नाहीं. संपत्ति वाढली तर भीति किंचित् कमी होते असें दिसलें, पण तो फरक इतका अल्प कीं संख्याशास्त्र त्याला फरक म्हणावयास तयार नाहीं.

या निकालाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कंझऱ्याचा पाटील आणि कंझऱ्याचा चार एकरांचा कास्तकार यांची मनें जर एकाच मापाचीं आहेत, तर पाटलानें खत घातलें आणि कास्तकारानें घातलें नाहीं याचें कारण कास्तकाराच्या मनांत शोधून उपयोग नाहीं. तें त्याच्या पतींत, पाण्यांत आणि बाजारापर्यंतच्या वाटेंत शोधावें लागेल. बिन्सवांगरचाहि रोख हाच होता. शेतकऱ्याला "मागासलेल्या वृत्तीचा" म्हणून वर्षानुवर्षें उपदेश करणाऱ्या किती भाषणांवर या एका नाण्यानें पाणी ओतलें, याचा हिशेब कोणी केलेला नाहीं!

एवढें सांगून थांबलों तर प्रयोगाची स्तुति होईल, विचार होणार नाहीं. मला स्वतःला या प्रयोगांत एक उणीव जाणवते, आणि ती वर सांगितलेल्या पथ्यांतूनच आलेली आहे. शेतकऱ्याला डावांत फक्त मिळवावयाचें होतें. गमवावयाचें कांहींच नव्हतें. पण मृगाचा पाऊस हुलकावणी देऊन गेला आणि दुबार पेरणी करावी लागली तर कास्तकाराचें जातें तें स्वतःचें, किंबहुना सावकाराचें. बिन्सवांगरच्या लेखाच्या आदल्याच वर्षीं, १९७९ सालीं, डॅनियल कानेमान आणि अमॉस ट्व्हर्स्की यांनीं असें दाखविलें होतें कीं माणसाला शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षां शंभर गेल्याचें दुःख पुष्कळ मोठें असतें. गंमत अशी कीं त्यांनीं हें दाखविलें तें बव्हंशीं काल्पनिक प्रश्न विचारूनच, आणि तेहि मुख्यतः विद्यार्थ्यांना. तेव्हां विचारणें सर्वत्र निरुपयोगी असेंहि म्हणतां येत नाहीं. कानेमान यांना २००२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ट्व्हर्स्की १९९६ सालींच निवर्तले होते. विद्यार्थ्यांना तोट्याविषयीं विचारतां येतें, शेतकऱ्याला खऱ्या फायद्याचा डाव देतां येतो. पण शेतकऱ्याला खऱ्या तोट्यांत घालून पाहतां येत नाहीं. तो प्रयोग निसर्ग करतो, आणि संशोधकानें वही घेऊन तेथें आधींपासून हजर असावें लागतें.

कंझऱ्याच्या वह्यांचें खरें मोल येथें दिसून आलें. कंझरा, शिरापूर आणि औरेपल्ली या तीन गांवांत ही नोंद सतत दहा वर्षें चालली. दहा वर्षांत चांगलीं सालें आलीं, नापिकीचींहि आलीं. पुढें परदेशांतील अर्थशास्त्रज्ञांनीं त्या नोंदी चाळून पाहिल्या. रॉबर्ट टाउनसेंड यानें १९९४ सालीं याच तीन गांवांच्या आंकड्यांवरून दाखविलें कीं एखाद्या घराचें उत्पन्न कोसळलें तरी त्याचें खाणेंपिणें तितक्या प्रमाणांत कोसळत नाहीं. गांवांतल्या उसनवारीनें आणि देवाणघेवाणीनें पुष्कळसा धक्का वांटून घेतला जातो, जरी तो पुरता वांटला जात नाहीं. रोझेनझ्वाइग आणि वोल्पिन यांनीं १९९३ सालीं बैलांचा अभ्यास केला. वाईट सालीं बैल विकून घर चालवावें लागतें, आणि मग पुढच्या सालीं नांगरावयास बैल नसतात, हें दुष्टचक्र त्यांनीं आंकड्यांत मांडलें. तें आपल्याकडे कोणाला नवीन नाहीं. पण तें आंकड्यांत मोजलेलें पाहणें निराळें.

मला सर्वांत कौतुक वाटलें तें रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांच्या १९८९ च्या लेखाचें. त्यांनीं मुलींच्या सासरचीं अंतरें पाहिलीं. लेकी दूरच्या गांवीं दिलेल्या असल्या तर त्या घराच्या खाण्यापिण्याच्या खर्चांत सालागणिक चढउतार कमी होतो असें त्यांना आढळलें. येथें पाऊस पडला नाहीं तरी व्याह्याच्या गांवीं पडलेला असतो. आमच्याकडे सोयरीक जुळवितांना 'मुलगी घाटाखालीं द्यावी कीं घाटावर' याची चर्चा तासन्‌तास चालते, आणि ती आम्ही आजवर निव्वळ मानापानाची समजत आलों. त्या चर्चेंत पावसाचा विमाहि उतरविला जात असेल हें कोणाच्या मनांत आलें असतें? मात्र येथेंहि सावध राहावेंसें वाटतें. व्याह्यांना हें विचारलें असतें तर एकानेंहि कबूल केलें नसतें, आणि तें लबाडीनें नव्हे. माणूस जें करतो त्याचें कारण त्याला स्वतःलाहि नेहमीं ठाऊक असतें असें नाहीं.

म्हणून विचारूंच नये काय? इक्रिसॅटमध्यें काम केलेले एन. एस. जोधा यांचा एक अभ्यास या बाबतींत उलट बाजूचा आहे. राजस्थानांतील दोन गांवांत १९६३-६६ आणि १९८२-८४ अशा दोन वेळां ते गेले. आंकड्यांप्रमाणें कांहीं घरांचें उत्पन्न घटलें होतें. हिशेबानें तीं घरें अधिक गरीब झालीं होतीं. पण त्या लोकांनाच त्यांची बरेवाईटपणाची कसोटी विचारली, तेव्हां ते म्हणाले कीं आम्ही पूर्वीपेक्षां बरे आहोंत: आतां जमीनदाराच्या घरीं राबावें लागत नाहीं, धान्यासाठीं त्याच्या दारीं उभें राहावें लागत नाहीं. हें कोणत्याहि वहींत सांपडलें नसतें. येथें विचारण्यानेंच काम झालें, परंतु प्रश्न जोधांच्या शब्दांत नव्हता. कसोटी शेतकऱ्याची होती.

आमच्या जिल्ह्यावर पुढें जें संकट आलें त्यांत या साऱ्या विद्येची कसोटी लागली. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेनें शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची चौकशी २००५ सालीं केली. श्रीजित मिश्र यांचा अभ्यास २००६ च्या आरंभीं राज्य सरकारला सादर झाला. आणि त्याच वर्षीं केंद्र सरकारनें विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठीं मदतीची योजना जाहीर केली, तींत बुलढाणाहि होता. मिश्र यांनीं केवळ दुःखी घरांत जाऊन कारणें गोळा केलीं नाहींत. त्याच परिस्थितींतल्या, पण असा प्रसंग न आलेल्या घरांशीं त्यांची तुलना केली. कर्ज तर सगळ्याच गांवाला असतें. मग एका घराला तें असह्य कां झालें, हें तुलनेशिवाय सांगतां येत नाहीं. माझ्या कांहीं विद्यार्थ्यांनाहि त्या काळांत असा विषय घ्यावासा वाटे. मी त्यांना परवानगी देत नसें. विधवेच्या ओसरीवर बसून "आपल्या यजमानांच्या मनःस्थितीचें वर्णन करा" असें विचारण्याइतकी तयारी वीस-बावीस वर्षांच्या मुलाची नसते, आणि पदवीसाठीं लागणाऱ्या प्रबंधाकरितां त्या बाईनें तें दुःख पुन्हां उकलून सांगावें हेंहि मला योग्य वाटलें नाहीं. यांत माझी चूक झाली असेल. कांहीं सहकारी मला तसें बोललेहि होते.

कंझरा आणि किनखेड येथील नोंदींचें काम मध्यंतरीं बंद पडलें होतें. २००१ पासून तें पुन्हां हातीं घेतलें गेलें. १९७५ सालीं ज्यांच्या अंगणांत अन्वेषक बसला त्यांतल्या कित्येक घरांत आतां मुलें आणि नातू कारभार पाहतात, आणि तीच घरें पुन्हां सांपडावीं म्हणून बराच शोध घ्यावा लागला.

माझ्या त्या विद्यार्थ्याचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. सातवा प्रश्न मीं काढून टाकला. त्याच्या जागीं दुसरा प्रश्न लिहिण्याऐवजीं मीं त्याला सांगितलें कीं पत्रिका घरीं ठेव, आणि जोखीम संपली असें सांगणाऱ्या त्या गृहस्थांकडे पुन्हां जा. ते त्याला शेतावर घेऊन गेले. पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली होती, आणि तिच्या मधून मधून तुरीचे तास होते. आठ तास कपाशी, मग दोन तास तूर. कपाशीला बोंडअळी लागली तर तूर हातीं येते, असें ते म्हणाले. पण दोनच तास कां, तीन कां नाहींत, हें त्यांना सांगतां आलें नाहीं. वडील तसेंच पेरीत असत. विद्यार्थ्यानें त्या हंगामांत अकरा शेतांतले तास मोजले. दोन शेतें बांधाला बांध लागून होतीं, माती तीच आणि पाणी तेंच, तरी एकांत आठाला दोन होते आणि दुसऱ्यांत सहाला दोन. त्याचें कारण शोधावयास तो तिसऱ्यांदा गेला, तेव्हां दिवाळीची सुटी संपत आली होती आणि प्रबंध द्यावयाची तारीख उलटून गेली होती.